खारट वांग्याची चौकशी

समुद्रपूरकडल्या एका गावात गोवऱ्यांवर कणकीचे रोडगे कोणाच्याही घरचे भाजोत, संगं वांग्याची भाजी पुंडलिकरावच्याच हातची. पण मागच्या सालच्या पंगतीत त्यानं मीठ दोनदा टाकलं, अन् तवापासून तो चुलीजवळ बसेच ना. गल्लीत कोणी हासलं का याले वाटे, आपल्यावरच हासलं.

उद्या सख्ख्या बहिणीच्या, सुमित्राबाईच्या घरी रोडग्याची पंगत. तिचा निरोप आलता, अन् हा म्हणे, कंबर दुखून राह्यली.

सून जया हिंगणघाटच्या दवाखान्यात लोकायच्या मनाची घोर-चिंता आयकाची नोकरी करे. तिनं चहा देता देता इचारलं, "मामाजी, कंबर का मीठ?"

"अख्खं गाव म्हणते, पुंडलिकचा हात गेला."

"कोण म्हणते? नाव सांगा."

पुंडलिकरावनं लय डोकं खाजवलं. एक नाव निंघालं नाई.

"म्हणतच असतीन ना!"

"मनात आलं म्हणून खरं होते काय? वांगं किडकं हाये का ते चिरून पाह्यता ना तुमी? मंग हा इचारबी चिरून पाहा. चार लोकाइले इचारून या, त्या पंगतीतलं काय याद हाये."

सुनेले खोटं पाडाले म्हातारा तावातावानं निंघाला.

पानठेल्यावर बापूराव भेटला. "त्या पंगतीचं नाव काढू नको, पुंडलिक! माही नवी चप्पल गेली तिथं. अजूनबी ज्याच्या त्याच्या पायाकडं पाहून राह्यलो."

"अन् भाजी?"

"कोणती भाजी?"

हापशीवर मनकर्णाबाईनं तं पदरच तोंडाले लावला. "वाढता वाढता मी पडलती, तेच इचाराले आले ना जी? गाव हासते म्हणून तवापासून मी वाढाले जातच नाई."

"तू पडलती? मले तं ठाऊकच नाई!"

शेवटी तो बहिणीकडं गेला.

"भाजी? चांगलीच असन," सुमित्राबाई म्हणाली. "माहं ध्यान माह्या हातानं जळलेल्या रोडग्याइत होतं."

"अवं, खारट होती! जहर खारट!"

"हो काय? म्हणूनच ताक सरलं ते."

पुंडलिकराव फणफणत घरी आला. "जया, या गावाले जीभच नाई! मी वरीसभर कुढलो, अन् यायले काईच याद नाई?"

"मंग उद्या?"

"जातो. मनकर्णालेबी वाढाले बोलावून आलो."

"अन् पुन्हा खारट झाली तं?"

म्हाताऱ्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"तं बापूरावची चप्पल लपवून ठेवतो."