पंचवीस एप्रिलच्या आत हात लावायचा नाही

मी बोलतोय. इकडे, सोफ्याच्या मागे. अंगावर क्रोशाची चादर आहे आणि चादरीवर मांजर बसलंय, म्हणून दिसत नसेन. मी तेलाचा हीटर. अकरा पाती, चार चाकं आणि पोटात तेल. ते तेल कारखान्यात एकदाच भरतात आणि तोंड कायमचं बंद करून टाकतात. आज मात्र मला बोलायचंय.

माझं घर बॅलरॅटला. ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ऊन, समुद्र आणि चड्डीतली माणसं येतात, ठाऊक आहे मला. इथेही माणसं चड्डीतच असतात, फक्त पाय निळे पडलेले असतात. गवतावरचं दंव गोठून पांढरं होतं, तरी घरं फळ्यांची आणि काचा एकेरी. कोणी थंडी वाजते म्हटलं की बाकीचे त्याच्याकडे दया आल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "स्वेटर घाल."

आमची मालकीण विन ट्रेझाइझ, वय एक्याऐंशी. तिचा नवरा लेस जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचा नियम ठणठणीत आहे. अँझॅक दिवसाच्या आत हीटरला हात लावायचा नाही. अँझॅक म्हणजे पंचवीस एप्रिल, युद्धात गेलेल्यांसाठी पहाटे स्मारकापाशी उभं राहायचं तो दिवस. त्याचा आणि हीटरचा संबंध काय, ते आजवर मला कोणी सांगू शकलेलं नाही. पण अर्ध्या गावात हाच नियम. इथे ऋतू उलटे, मार्चमध्येच दात वाजायला लागतात, आणि ही माणसं कॅलेंडरकडे बघत रबरी पिशवीत गरम पाणी भरत बसतात.

मला आणलं विनच्या मुलानं, रॉसनं. दुकानाबाहेर सॉसेज-पाव विकत होते. एका हातात तो पाव आणि दुसऱ्या हातात माझं खोकं, असा मी या घरात आलो. खोकं त्यानं त्याच हातांनी उघडलं, म्हणून माझ्या डोक्यावर अजून सॉसचा एक डाग आहे.

आत आलो तर तीन भाऊबंद आधीच ठाण मांडून होते. एक लेसच्या वेळची शेगडी, दोन लाल दांड्यांची. समोर बसाल तर नडग्या भाजतात, पाठ गारच. पहिल्यांदा लावली की घरभर जळक्या धुळीचा वास. दुसरा पंख्याचा, मुलीनं, जनेलनं घरपोच पाठवलेला. ती राहते वर क्वीन्सलँडला, उन्हात. हा लगेच गरम वारा फेकतो, पण एवढा बोंबलतो की टीव्ही ऐकू येत नाही. बंद केला की ऊब गेलीच.

तिसरा सगळ्यांत शहाणा. चपटा, गोरापान, भिंतीला टेकून उभा, फोनवर चालणारा, हाही रॉसनंच आणलेला. रॉस मेलबर्नला ऑफिसात बसून तो इथे चालू करू शकतो. उंटावरून शेळ्या हाकायची याहून आधुनिक सोय मी तरी पाहिली नाही. पहिल्याच दिवशी तो आपोआप सुरू झाला, तशी विननं प्लग उपटला. "मेलबर्नहून माझ्या घरात कोणी काही चालू करायचं नाही," ती फोनवर म्हणाली.

आणि मी? मी तापायला अर्धा तास घेतो. पण आवाज नाही, वास नाही, आणि बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. खरं सांगू, आम्ही चौघं साधारण सारखीच वीज खातो आणि सारखीच ऊब देतो. दुकानदार वेगळं सांगतो, कारण त्याला चारही विकायचे असतात.

पण या घरात आमच्यापैकी कोणाचंच चालत नव्हतं, आणि त्याचं कारण मागचं दार. घासतं म्हणून लेसनं ते एकदा खालून तासलं होतं. हात जरा सढळच पडला. तेव्हापासून दाराखालून वारा आत येतो आणि आमची ऊब बाहेर जाते. विननं वाळू भरलेला जुना मोजा तिथे लावलाय, तो मांजर ओढून नेतं.

"रॉस, तेवढं दार बघ रे," ती तीन हिवाळे सांगत होती.

"बघतो, आई," तो म्हणायचा. आणि पुढच्या वेळी येताना हीटर आणायचा. अर्धा तास बसायचा, तोही अंगातलं जाकीट न काढता, हातात गाडीची किल्ली खेळवत.

गेल्या हिवाळ्यात विनची छाती भरली. आठवडाभर दवाखान्यात होती. मग दोन्ही पोरांचं ठरलं की आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. "तिथे सगळीकडे छान गरम असतं," जनेल फोनवर म्हणाली.

"तुरुंगातही असेल," विन म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिनं माझ्यावरची चादर उगाच सरळ केली. लेसनं बांधलेलं हे घर. तिला इथून कुठेही जायचं नव्हतं.

ती एकटी राहू शकते का, हे ठरवायला सरकारी बाई यायची होती. नेमकी एप्रिलमध्ये, अँझॅकच्या आत.

त्या सकाळी रॉस धावत आला. "आई, घरात अकरा अंश आहेत! ती बाई काय म्हणेल?" आईच्या थंडीनं तीन वर्षांत जे झालं नाही, ते त्या बाईच्या मतानं झालं. पठ्ठ्याला हुडहुडी भरली.

"अँझॅक व्हायचाय अजून," विन म्हणाली.

"आज नाटक नको, आई." त्यानं आम्हा चौघांनाही ओढून आणलं आणि एकाच एक्स्टेन्शनच्या पट्टीत खुपसलं. पंखा बोंबलला, शेगडी लाल झाली, चपट्यानं पीं पीं केलं. मी अजून पोटातलं तेल जागं करतोय, तोवर टक्! सगळ्या घराची वीज गेली. बाईसाठी ओव्हनमध्ये ठेवलेले स्कोन, चहाबरोबर खायचे ते छोटे पाव, अर्धे कच्चे राहिले. आणि दारावरची घंटाही वाजेना, म्हणून सरकारी बाईनं दार ठोठावलं.

बाईचं नाव डेब. आत आली, पण टोपी आणि जाडजूड जाकीट काही तिनं काढलं नाही. "बाहेर जरा बरं होतं," ती म्हणाली. रॉसचा चेहरा पडला.

ती विनसमोर बसली. "आज तारीख काय, सांगाल?"

"सतरा एप्रिल," विन म्हणाली. "हीटरला अजून आठवडा आहे."

डेबचं पेन थांबलं. "माझ्याकडेही नाही लावला अजून," ती हळूच म्हणाली. "नवरा कुरकुरतोय." दोघी खुदखुदल्या. रॉसला वाटलं असेल, सगळा गावच वेडा आहे. ते मी त्याच्या आधीपासून म्हणतोय.

"तुम्हाला मदत कशाची हवी?" डेबनं विचारलं.

"चार हीटर आहेत तिच्याकडे," रॉस मध्येच म्हणाला.

"हीटर चार आहेत," विन म्हणाली. "दार एकच आहे, ते कोणी बघत नाही."

डेब उठली आणि मागच्या दाराशी गेली. खालच्या फटीतून तिच्या पँटचे पाय फडफडायला लागले. तिनं वळून रॉसकडे पाहिलं.

"बघणारच होतो," रॉस म्हणाला.

"मे महिन्यात मी पुन्हा येईन," डेब म्हणाली. "दार नीट दिसलं तर विन इथेच राहतील असं लिहीन. तसंच दिसलं तर मला वेगळं लिहावं लागेल. आणि विन, पुन्हा छाती भरली तर मी कॅलेंडर ऐकून घेणार नाही."

विननं मान हलवली. मग दिवसामागून दिवस गेले आणि रॉसचा पत्ता नाही. मी सोफ्यामागे, ती सोफ्यावर, दोघंही गाडीच्या आवाजाकडे कान लावून. मला तर वाटलं, हा आता पाचवा हीटर घेऊन येणार.

अँझॅकच्या आदल्या दुपारी तो आला. हातात दाराखाली लावायची रबराची पट्टी आणि लेसचाच जुना स्क्रूड्रायव्हर. फरशीवर पालथा पडला, गाल दाराखाली टेकवला आणि तसाच थांबला. "आई, केवढं वारं येतं गं इथून."

"हो का," विन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं स्मारकावर जाऊन आले. लेसची लढाईतली पदकं विनच्या कोटावर, उजव्या बाजूला; डावी बाजू फक्त ज्याची पदकं त्याची. आल्या आल्या तिनं मांजर उचललं, चादर काढली आणि माझं बटण फिरवलं. मी सावकाश तापलो. ऊब मागच्या दारापर्यंत गेली, आणि या घरात पहिल्यांदाच परत आली.

तुमच्याही घरात असा एखादा हीटर कोपऱ्यात असेल. दुसरा आणायला निघाल तेव्हा आधी दार बघा, एवढंच माझं मागणं आहे. आणि आणलाच, तर त्याच्या शेजारी थोडं बसा.

रॉस माझ्या शेजारी ओटचं बिस्किट खात बसला होता. थोड्या वेळानं त्यानं किल्ली टेबलावर ठेवली, जाकीट काढलं आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलं.

विन त्या जाकिटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थांबणार आहेस वाटतं."