तिसऱ्या मजल्यावरची अर्धी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. आहे म्हणायचे इतकेच, कारण आता मी अर्धीच उरले आहे. कोपनहेगनमधल्या एका पाचमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरचे डावे घर आणि उजवे घर यांच्या मधोमध मी एकशे वीस वर्षे उभी होते. आज त्या दोन घरांचे मिळून एक ऐसपैस घर झाले आहे आणि माझ्या उरलेल्या अंगाला सायकलची हेल्मेटे टांगलेली असतात. तुम्हाला कदाचित माझी दया येईल. मला दया नको. मला माणसांची शिसारी आली आहे, आणि ती कुणाजवळ तरी बोलून टाकायची आहे.

माझा जन्म अगदी साधा. सुताराने लाकडी चौकट उभी केली, गवंड्याने तिच्यात विटा भरल्या आणि वरून चुन्याचा गिलावा दिला. त्या गवंड्याच्या गालात सदा तंबाखू असे. एका दुपारी त्याने कालवलेल्या चुन्यातच खुशाल पिचकारी मारली आणि तो चुना माझ्या अंगाला थापला. ती घाण अजून माझ्या पोटात आहे. माणसांविषयीचे माझे मत तेव्हाच तयार झाले होते म्हणा ना.

नंतरची वर्षे काही फार चांगली गेली नाहीत. दोन खोल्यांत आठ-आठ माणसे राहत. हेरिंग मासे तळल्याचा धूर, कोळशाची काजळी, ओल्या लोकरी मोज्यांचा वास, सगळे मीच प्यायले. नवा भाडेकरू आला की तो माझ्यावरच्या जुन्या नक्षीदार कागदावर नवा कागद चिकटवी. असे अकरा थर माझ्यावर चढले. खालच्या खळीत ढेकूण पिढ्यान् पिढ्या संसार मांडून होते. एकालाही जुना कागद ओढून काढावासा वाटला नाही. नाही म्हणायला गोदीतल्या एका कामगाराने माझ्यावर घड्याळ टांगले आणि तो बायकोला म्हणाला, "ही भिंत खिळा सोडत नाही हं!" एवढे एकच कौतुक मी वर्षानुवर्षे पुरवून पुरवून आठवले.

मग डाव्या घरात बोदिल आली. टपाल कचेरीत पत्रे निवडणारी, उंच, हडकुळी, फटकळ बाई. उजव्या घरात एस्तर राहत होती. दोघी एकट्याच. त्या दोघींनी आपापसात एक रिवाज ठरवला. रोज सकाळी सात वाजता बोदिल कॉफीचा चमचा माझ्यावर दोनदा वाजवी. पलीकडून एस्तर दोनदा वाजवी. उठले, जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकदा एस्तरला ताप भरला आणि उत्तर आले नाही, तर बोदिल दोन मिनिटांत सपाता घालून तिच्या दारात हजर. एकतीस वर्षे हा चमचा वाजला. माझ्या दोन्ही अंगांवर त्या जागी एकेक लहान खळगा पडला होता. मित्रांनो, माझ्या अंगावर तेवढीच एक स्वच्छ जागा होती.

एका सकाळी एस्तरचे उत्तर आले नाही ते आलेच नाही. बोदिल पलीकडे धावली, गेलेल्या जिवाला वाट हवी म्हणून तिने एस्तरच्या खोलीची खिडकी सताड उघडली आणि माणसे येईपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिली.

त्यानंतर उजव्या घरात ट्रोल्स आणि त्याची बायको सिसेल राहायला आले. दोन मुले झालेली, तिसरे पोटात. पहिल्याच आठवड्यात बोदिलने त्यांना चमच्याचा रिवाज समजावून सांगितला. आमच्या जिन्यात लहानथोर सगळे एकमेकांना नावाने आणि तू म्हणूनच बोलवतात. सिसेल म्हणाली, "बोदिल, किती गोड आहे गं हे!" महिनाभर तिने उत्तर दिले. मग एक दिवस ट्रोल्स म्हणाला, "रोज सकाळी काय हे म्हातारचळ? मुलं उठतात." चमचा थांबला. बोदिलने मात्र आपले वाजवणे सोडले नाही.

आता आमच्या सोसायटीचा एक नियम सांगते, म्हणजे पुढची घाण तुम्हाला कळेल. शेजारचे घर रिकामे झाले की ते आपल्या घराला जोडून घेण्याचा पहिला हक्क लागून असलेल्या घरांचा, मग ती भिंतीपलीकडची असोत की वरची-खालची. मात्र त्यासाठी अर्ज लिहून खाली जिन्यातल्या फळ्यावर लावायचा. ज्याची तारीख आधीची, त्याचा विचार आधी. नियम चांगल्या मनाने केला होता. पण त्या नियमामुळे माझ्या उजव्या बाजूला एक कुटुंब डाव्या बाजूच्या बाईच्या मरणावर टपून बसले.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी त्यांची भांडणे चालत. स्वयंपाकघर डावीकडे की उजवीकडे? मुलांच्या खोलीला तिची खिडकी की आपली? ट्रोल्स माझ्यावर बोटाने टकटक करून कान लावी. एका रविवारी दोघे दालचिनीचे बन घेऊन बोदिलकडे गेले. ती कॉफी करायला आत वळली, तेवढ्यात ट्रोल्सने टाचेला चवडा लावत तिची खोली मोजली. सिसेल कुजबुजली, "किती?" तो म्हणाला, "सतरा पावलं. बेड बसतो." बोदिल किटली घेऊन बाहेर आली, तेव्हा दोघे तिच्या कुंडीतल्या जिरेनियमच्या फुलांचे कौतुक करत होते. ओठात एक आणि पोटात एक. मला ओकारी येत असती तर मी त्या बनांवरच केली असती.

पुढच्या मे महिन्यात गुरुवारला जोडून चार दिवसांची सुट्टी आली. बोदिल बुधवारीच शहराबाहेरच्या आपल्या बागेतल्या झोपडीत राहायला गेली. जाताना जुन्या चीजचा एक मोठा तुकडा तिने खिडकीपाशी झाकून ठेवला, चांगला मुरावा म्हणून. खिडकी बंद. ऊन कडक. शनिवारपर्यंत त्याचा वास जिन्यात उतरला होता. कुजलेल्या जनावराचा असावा तसा वास.

माझ्या उजव्या बाजूला ट्रोल्स हळूच म्हणाला, "गुरुवारपासून तिने ठोकलेलं नाही."

"तू मोजतोयस?" सिसेलने विचारले.

"तू नाही मोजत?"

 मित्रांनो, चार वर्षे ज्यांनी एका टकटकीला उत्तर दिले नाही, ते रोज ती मोजत होते! बंद कधी पडते ते पाहत होते.

"पोलिसांना फोन करायला हवा," ती म्हणाली.

"करूच ना. पण आधी अर्ज लावतो. वरच्यांचाही डोळा आहे त्या घरावर."

"निदान बेल तरी वाजवू?"

"नको. आणि खरंच तसलं काही असेल तर? मुलं आहेत घरात."

चार पावलांवर तिचे दार होते. ट्रोल्स तीन मजले उतरून खाली गेला आणि फळ्यावर कागद लावून आला. तिसरा मजला डावे घर रिकामे झाल्यामुळे, असे त्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते. फोन जेवणानंतर करायचा ठरला.

फोन करायची वेळच आली नाही, कारण जेवणाआधी बोदिल परतली. हातात बागेतल्या रुबार्बच्या लाल, आंबट देठांची जुडी होती. तिने कागद वाचला, वर आली आणि यांचे दार वाजवले. माझे एक टोक जिन्याला टेकलेले आहे, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ट्रोल्स, माझं घर रिकामं झालंय म्हणे. मग मी कुठे गेले तेवढं सांग, म्हणजे माझा टूथब्रश तिथे पाठवून देते."

"बोदिल! अगं आम्हाला काळजी वाटली तुझी."

"काळजी वाटली की माणूस बेल वाजवतो. अर्ज नाही लावत."

"वास येत होता गं..."

"चीज आहे ते. थांब, तुकडा आणून देते. वर रमचे दोन थेंब घालून खा. तोंडाची घाण तरी जाईल."

तिने त्या कागदाखाली पेन्सिलने लिहिले, मी जिवंत आहे, बोदिल. आठ दिवस तो कागद तसाच होता. येणारे-जाणारे वाचत आणि मान खाली घालून पुढे जात. सोसायटीचा अध्यक्ष प्रेबेन सभेत फक्त म्हणाला, "गैरसमज झाला, विषय संपला." एकानेही ट्रोल्सला दोन शब्द सुनावले नाहीत. खरे सांगू? मला त्या गप्प बसणाऱ्यांचीही तितकीच किळस आली.

त्या दिवसापासून बोदिलने चमचा बंद केला. माझ्यापाशी उभी राहून ती एकदा मोठ्याने म्हणाली, "बसा आता मोजत." मला त्यात मजा वाटली होती. ती मजा पुढे किती महागात पडणार होती, हे मला तेव्हा कळले नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी बोदिल पाय घसरून माझ्या पायथ्याशी पडली. तिला उठता येईना. कॉफीचा कप फुटला, चमचा मात्र हाताशी राहिला. तिने तो माझ्यावर वाजवला, खाली, फरशीलगत. दोनदा. पुन्हा दोनदा. मी तो आवाज जसाच्या तसा पलीकडे पोचवला. माझ्या हातात तेवढेच होते.

"झालं हिचं पुन्हा सुरू," ट्रोल्स म्हणाला.

"आवाज खालून येतोय," सिसेल म्हणाली.

"येऊ दे. एकदा हसं झालं तेवढं पुरे. मी त्या दाराशी जाणार नाही." आणि त्याने रेडिओ मोठा केला.

दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या सकाळी दोनाऐवजी एकच टकटक येऊ लागली, तीही मोठमोठ्या खंडानंतर. बोदिल जमिनीवर आपल्याच लघवीत पडली होती आणि पलीकडे मुलांचे डबे भरले जात होते. ट्रोल्स मुलांना घेऊन बाहेर पडला. मग सिसेल गुडघ्यांवर बसली. तिने आपल्या कपातला चमचा काढला आणि माझ्यावर दोनदा वाजवला. खालून एक क्षीण टक आली. ती धावत प्रेबेनकडे किल्ली मागायला गेली.

बोदिल वाचली. पण कमरेचे हाड मोडले होते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ती पुन्हा तीन मजले चढून येणार नव्हती. एका संध्याकाळी ट्रोल्स स्वयंपाकघरात बायकोला समजावत होता, "आधी फुलं द्यायची. चौकशी करायची. मग घर सोडल्याचा कागद काढायचा." आणि बोदिलने सही केली.

मार्चअखेर मला फोडले. हातोड्याचे काही वाटले नाही. वाईट वाटले ते चमच्याचे दोन्ही खळगे कचऱ्याच्या पिंपात गेले त्याचे. मला पूर्ण पाडता आले नाही, कारण वरचा मजला हळूहळू माझ्यावर टेकला होता. म्हणून लोखंडी तुळई घालून मला अर्धी ठेवली आणि फिकट वाळूचा रंग दिला. आता घर मोठे आहे, मुले खोल्याखोल्यांतून पळतात. मुलांचा मला राग नाही. त्यांनी काही मोजले नव्हते.

घर झाल्याचे जेवण होते, तेव्हा दोघांनी बोदिललाही बोलावले. जिना चढवायला दोन माणसे लागली. टेबलावर इथल्या रिवाजाप्रमाणे छोटे कागदी झेंडे, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग, आणि सगळे कौतुकाने म्हणत होते, "काय प्रकाश येतो हो इथे आता!" बोदिलची खुर्ची नेमकी माझ्याशेजारी होती. कॉफी आली. तिने चमचा उचलला आणि माझ्यावर दोनदा वाजवला.

 ट्रोल्स झेंडा सरळ करू लागला. प्रेबेनने पाव तोंडात कोंबला. सिसेलच्या हातात चमचा होता. तिने मान खाली घातली आणि कॉफी ढवळली, साखर घातलेली नसतानाही.

बोदिलने सगळ्यांकडे एकदा पाहिले. "ऐकू नाही आलं?" ती म्हणाली. "आता तर मध्ये भिंतही नाही."

मित्रांनो, मला तुमच्याकडून रंग नको, डागडुजी नको. घर लहान पडले तर खुशाल भिंती पाडा, आम्ही त्यासाठी रडत नाही. पण त्याआधी एक करा. भिंत पाडायला अर्ज लागतो, सह्या लागतात, तारीख लागते. शेजारणीचे दार वाजवायला यांतले काहीच लागत नाही.