ताउनोची बर्फगाडी

पेन्टी मला सोडून गेला तेव्हा कुत्रा ठेवून गेला आणि बर्फगाडी घेऊन गेला. बर्फावर धावणारी ती इंजिनाची गाडी त्याच्या नावावर होती. कुत्रा कुणाच्याच नावावर नव्हता.

माझं घर तळ्याच्या पलीकडे. रस्ता, दुकान आणि मी स्वयंपाक करते ती शाळा, सगळं अलीकडच्या काठावर. दोन हिवाळे मी पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून गोठलेलं तळं ओलांडत होते, जायला चार किलोमीटर, यायला चार. पिठाची गोणी, गॅसची टाकी, सगळं मागे दोरीनं ओढत. तिसऱ्या हिवाळ्यात गुडघ्यानं साथ सोडली. शाळेतून निघाले की दुसऱ्या दिवशी शाळेत पोचेपर्यंत माणसाचा आवाज कानावर पडायचा नाही. त्यात तळ्याच्या मधोमध गुडघा धरून बसायची पाळी आली, तेव्हा मी घाबरले.

गाठीला आठशे युरो होते. तेवढ्या पैशांत लोक गाड्या विकत नाहीत, भंगार विकतात. दोन भंगारं बघून झाल्यावर दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: जुनी बर्फगाडी, चालू, साडेनऊशे. शनिवारच्या बसनं साठ किलोमीटर लांबच्या त्या गावी गेले.

मेर्वी नावाची तिशीतली बाई वडलांचं घर रिकामं करत होती. म्हातारा, ताउनो, वृद्धाश्रमात गेला होता. शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी होती, पिवळी, सीटवर तीन ठिगळं. मी आधी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. गार होतं. माणूस यायच्या आधी गाडी तापवून ठेवणारे बरेच भेटतात.

दोरीच्या पाचव्या हिसक्याला चालू झाली. निळा धूर शेडभर.

"मागे जाते का?" मी विचारलं.

"नाही. बाबा म्हणायचे, मागे जायचंय कुणाला!"

"मग आठशे."

"अहो, नऊशेच्या खाली मला परवडत नाही," मेर्वी म्हणाली. मग सुस्कारा सोडून तिनं फोन काढला. "थांबा, त्यांनाच विचारते. नाहीतर वर्षभर मला ऐकवतील."

फोनमधून खरखरीत आवाज आला. "कोण आहे? कुठली?"

"राइली. लांब तळ्याच्या पलीकडची."

"पलीकडे? तिथे अजून राहतं कोणी?"

"मी राहते."

"एकटी?"

"कुत्रा आहे."

"ओढा मिळतो तिथे बर्फ पातळ असतो. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मेर्वी, चालू कर. फोन जवळ धर."

तिनं धरला. म्हातारा मिनिटभर गाडी ऐकत राहिला. मग म्हणाला, "उजवं सिलिंडर कोरडं चालतंय. कार्ब्युरेटर साफ कर, बाई. आठशेला घेऊन जा. पण दर रविवारी मला फोन करायचा. कुठे नेलीस, काय बघितलंस, सगळं सांगायचं."

"बाबा, लोकांना कामं असतात हो!"

"तिला विचार ना, असतात का."

"रविवारी नसतात," मी म्हणाले.

कागदांवर सह्या झाल्यावर मेर्वी हळूच म्हणाली, "नाही केलात फोन तरी चालेल. ते विसरतील."

जंगलातल्या वाटेनं गाडी घरी आणली. साठ किलोमीटरमध्ये एक ससा तेवढा भेटला.

पहिल्या रविवारी सांगायला फारसं काही नव्हतं. शाळा, दुकान, घर. ताउनो म्हणाला, "एवढ्यासाठी दिली का तुला?" मला ते लागलं. पुढच्या शनिवारी मी उत्तरेकडच्या बेटांवर गेले, बर्फाला भोक पाडून जाळं टाकलं. रविवारी किती मासे, कोणते, वारा कुठून, सगळं सांगितलं. तो खूश. मग मी त्याला सांगता यावं म्हणून जायला लागले. एरवी कधी पाहिले नसते असे काठ पाहिले. आठवडाभर मनात वाक्यं जुळवायची: हे सांगायचं, ते सांगायचं.

फेब्रुवारीत एकदा त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?"

"राइली. गाडी घेतली ती."

"कुठली गाडी?" पण मग माशांबद्दल त्यानं नीट ऐकून घेतलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मी बेटाच्या टोकाशी होते. तिथे फोन लागतो. गाडी बंद करून सीटवर बसूनच लावला.

ताउनो कुजबुजत होता. "ऐक. माझी पिवळी गाडी शेडमध्ये आहे. पोरगी विकायला टपलीय. तुला विचारलं तर घेऊ नकोस हं."

माझा हात सीटवरच्या ठिगळावर होता. "नाही घेणार," मी म्हणाले.

"शब्द दे."

"दिला."

त्याचा जीव भांड्यात पडला. मोकळ्या आवाजात त्यानं विचारलं, "तू आत्ता आहेस कुठे?"

"बेटापाशी. तळ्यावर."

"एवढ्या लांब? चालत गेलीस?"

"हो," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? अंधार पडेल. तिथेच थांब, हलू नकोस. मी गाडी घेऊन येतो तुला न्यायला."

"या," मी म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. घाईत असावा. चारी बाजूंना पांढरं तळं, वाराही नव्हता. मला घरी जायला वीस मिनिटं लागली असती. पण थांब म्हणून सांगितलं होतं, म्हणून थोडा वेळ मी तिथेच बसून राहिले.