स्क्रूचा कायदा

घर विकत घ्यायचं ठरलं आणि तिने वकीलबाईंच्या डोक्याची पार मंडई करून टाकली. विकणारा माणूस खरंच मालक आहे हे कसं कळणार? घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे की बायकोच्याही? बायकोच्याही असेल आणि सहीच्या दिवशी ती रुसून बसली तर? जुनं कर्ज घराला चिकटलेलं असलं तर ते आपल्या गळ्यात पडतं का? शेजाऱ्यांच्या आणि आपल्या मधली भिंत कुणाची? ती पडलीच, तर कुणाच्या अंगणात पडलेली बरी? वकीलबाई स्वभावाने शांत, पण त्यांनीही शेवटी हात टेकले आणि तिचं नाव 'प्रश्नबाई' ठेवून टाकलं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून दिवसभर ती लोकांना विचारायची, कधीपासून दुखतंय, गाराने दुखतं की गरमाने, रात्री जास्त की सकाळी. प्रश्न विचारल्याशिवाय तिला माणूस दिसतच नसे.

आणि या बाबतीत तिचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. लग्न झाल्यापासून तिने भाड्याच्या घरांत दिवस काढले, आणि प्रत्येक घरमालकाकडे जादाची किल्ली. एकजण नळ गळतोय का बघायला यायचा, एकीला आपलं जुनं कपाट अधूनमधून डोळ्यांखालून घालायचं असायचं. एक महाशय तर, ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून उभी असताना, पाहुण्यांना खोली दाखवायला सरळ आत आले आणि वर म्हणाले, "चालू द्या तुमचं." तिला महाल नको होता. ज्या घरात पाऊल टाकायला तिची परवानगी लागेल, असं एक घर तिला हवं होतं, बस्स. नवरा बस चालवायचा, आणि बसमध्ये कुणीही चढतं याची त्याला सवय होती, त्यामुळे त्याला हे दुःख जरा उशिरा कळलं. पण कळलं.

घर एका सुताराचं होतं. खाली दोन खोल्या, वर एक, मध्ये लाकडी जिना. दारं, खिडक्या, कपाटं, फळ्या, सगळं सुतारकाकांनी स्वतःच्या हाताने केलेलं. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून काकाकाकू तळमजल्याचं एक घर घेणार होते, मागे कामाला शेड असलेलं. व्यवहाराचं बोलायला सगळे वकीलबाईंच्या कचेरीत जमले, तेव्हा प्रश्नबाईंनी विचारलं, "घराबरोबर नेमकं काय काय मिळतं हो?"

वकीलबाईंचा घसा तोवर सुकला होता. त्या म्हणाल्या, "सोपं लक्षात ठेवा. भिंतीत बांधलेलं असेल ते घराचं. स्क्रू काढून नेता येईल ते विकणाऱ्याचं."

त्यांच्या डोळ्यांसमोर पडद्याच्या दांड्या होत्या. सुतारकाकांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. या गृहस्थांनी उभ्या जन्मात घरात एक खिळा ठोकला नव्हता. खिळा ठोकणारा सुतार म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हेगार. सगळं घर स्क्रूवर उभं होतं, आणि ही गोष्ट त्या खोलीत काकांखेरीज फक्त काकूंना माहीत होती.

सहीचा दिवस उजाडला. प्रश्नबाईंनी सकाळीच भाड्याची खोली सोडली. यांच्या गाद्या खाली उतरत होत्या तेव्हा नव्या भाडेकरूंच्या गाद्या वर चढत होत्या, म्हणजे परतीची वाट बंदच. दुपारी नोंदणी कार्यालयात सह्या, त्याआधी घर एकदा नजरेखालून घाला, असं वकीलबाईंनीच बजावलं होतं. सामानाचा ट्रक गल्लीत शिरला. तिचे पाय जमिनीवर नव्हते. ट्रक थांबायच्या आत तिने खाली उडी मारली आणि तशीच उभी राहिली.

"अगं," नवरा म्हणाला, "घर आरपार दिसतंय."

दिसत होतं खरं. समोरच्या दाराच्या जागी भोक, मागच्या दाराच्या जागी भोक, आणि दोन्हींतून परसातलं झाड. खिडक्या नाहीत. कपाटं नाहीत. जिना होता तिथे भिंतीवर तिरका फिकट पट्टा तेवढा उरला होता. आणि वरच्या खिडकीच्या भगदाडातून हातात केरसुणी घेतलेल्या काकू खाली बघत होत्या.

"आलात का?" काकू ओरडल्या. "मी वर केर काढत होते, तेवढ्यात ह्यांनी जिना काढला!"

"अहो, पण का?"

"कायदा म्हणे! मी म्हटलं, जिना तरी राहू द्या. तर म्हणाले, कायदा म्हणजे कायदा. आता शिडी आणायला गेलेत. शिडीसुद्धा कोपऱ्यावरच्या टेम्पोत सगळ्यांत खाली भरलीय!"

इतक्यात वकीलबाई रिक्षातून उतरल्या, घराकडे पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मी पडद्याच्या दांड्यांबद्दल बोलत होते हो," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या. कोपऱ्यावरून सुतारकाका शिडी खांद्यावर टाकून घामाघूम होत आले. शिडी भिंतीला लावली, काकूंना सांभाळून उतरवलं, त्यांच्याकडून खालच्या आवाजात जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं आणि मग खिशातून किल्ली काढून दोन्ही हातांनी प्रश्नबाईंपुढे धरली.

"ही घ्या बाई. पुढच्या दाराची."

"आणि दार?"

"दार माझं. कुलूपही माझं, त्याला चार स्क्रू होते," काका म्हणाले. "किल्लीला स्क्रू नाही. म्हणून ती तुमची."

आधी नवरा हसला. मग तिला हसू फुटलं, ते इतकं की ती उंबऱ्यावर मटकन बसली. उंबरा दगडाचा होता म्हणून वाचला होता. काकू हसता हसता तिच्या शेजारी टेकल्या, ट्रकवाले हसले, पलीकडची शेजारीण काय झालं ते विचारायला आली आणि न कळताच हसायला लागली. सुतारकाका तेवढे गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिले. नियमाने वागून माणूस हास्यास्पद कसा होतो, हे त्यांना उमजेना.

वकीलबाईंनी तिला बाजूला घेतलं. "हसणं ठीक आहे. पण असं घर ताब्यात घ्यायचं नाही. आज सही करू नका. सगळं जागेवर येऊ दे, मग पुढची तारीख घेऊ."

ते काकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या नव्या घराचा मालक त्याच कार्यालयात वाट बघत बसणार होता. आज हे विकलं गेलं नाही तर ते घेता येणार नव्हतं, आणि त्या घरावर दुसरं गिऱ्हाईक टपून होतंच. "दार आणि जिना आज लावतो," ते म्हणाले. "बाकीचं उद्या. पण कार्यालय बंद व्हायच्या आत नाही व्हायचं बाई, खोटं कशाला सांगू."

तिने मनाशी हिशेब मांडला. सही केली आणि हा माणूस टेम्पो घेऊन निघून गेला, तर चार भिंती आणि एक किल्ली. नाही केली, तर रात्री गाद्या रस्त्यावर.

"काका, तुम्ही सगळं परत लावाल कशावरून?"

काकांना बोलून पटवायची कला नव्हती. त्यांनी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या टेम्पोपाशी नेलं आणि ताडपत्री वर केली. प्रत्येक फळी जुन्या चादरींत गुंडाळलेली, आणि प्रत्येकीला तिच्या स्क्रूंची पुरचुंडी बांधलेली, वर पेन्सिलीने लिहिलेलं. तिने एक हातात घेतली: 'जिना, मधली पायरी. हा स्क्रू हट्टी आहे, दमाने घ्या.'

"मला दमाने घ्या असं ह्यांनी कधी लिहिलं नाही," काकू म्हणाल्या.

"आणि नव्या घरात जिना लावणार कुठे होतात?" प्रश्नबाईंनी विचारलं. "तिथे तर वरचा मजलाच नाही ना?"

काकांनी तिच्या हातातली पुरचुंडी घेऊन परत जागच्या जागी बांधली. "नाही," ते म्हणाले. "टाकून जायला जीव होईना, एवढंच. आणि कायद्यात बसत होतं."

तिला एकदम भरून आलं. आपल्याला हवंय तेच या माणसाच्या हातून सुटतंय, हे तिला इतक्या प्रश्नांत एकदाही सुचलं नव्हतं. "चला," ती म्हणाली, "सही करायला."

"माझा सल्ला उलट होता, हे लक्षात असू द्या," वकीलबाई म्हणाल्या. पण रिक्षा थांबवून ठेवली होती त्यांनीच.

कार्यालयात साहेबांनी विचारलं, "घर नीट पाहिलंत ना?"

"आरपार," नवरा म्हणाला, आणि तिने त्याच्या पायावर पाय दिला.

सह्या झाल्या, अंगठे उमटले, काकांनाही त्यांचं घर मिळालं. परत येईपर्यंत ऊन कललं होतं. ट्रकवाल्यांनी सामान आत रचलं. ती मोकळ्या दारापाशी उभी राहून आपल्या घराकडे आतून बघत होती. काय करावं सुचत नव्हतं, नुसत्या उड्या माराव्याशा वाटत होत्या.

समोरून दार येताना दिसलं. पुढचं टोक सुतारकाकांच्या खांद्यावर, मागचं नवऱ्याच्या. काका सवयीने सरळ आत शिरायला निघाले, उंबऱ्यावर पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. टकटक करायला काही सापडतं का ते बघू लागले. चौकटीला दार कुठे होतं? ते त्यांच्या खांद्यावर. मग त्यांनी मोकळा हात वर केला आणि खांद्यावरच्याच दारावर हलकेच टकटक केली.

"बाई, येऊ का आत?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तोंडभर हसू. आजवर कुणी कधी विचारलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "पुन्हा विचारा ना."

"अगं, दार जड आहे!" मागून नवरा कण्हला.

सुतारकाकांनी दार खांद्यावर नीट सावरलं, घसा खाकरला आणि या वेळी गल्लीत ऐकू जाईल अशी जोरात टकटक केली.