फोनची तालीम

"फोन उचलला की आधी मी रडणार. रडू द्यायचं. मधी बोलायचं न्हाय," असं बजावून सारजाबाई मोबाइल घेऊन शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या.

बारामतीच्या मेडिकल कॉलेजात त्या वॉर्डातल्या मावशी. मूळच्या कळसच्या. सोमवारपासून या वर्गातल्या पोरांची इंटर्नशिप सुरू होणार आणि नातेवाइकांना फोन करायचं नकोसं काम पोरांच्याच गळ्यात पडणार. म्हणून त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टर मोनाली दर वर्षी त्यांच्याकडून तालीम करून घेत. पेशंटची आई व्हायच्या सारजाबाई. पाठ केलेलं त्यांच्यापुढे चालायचं नाही.

संघपालने पहिला फोन लावला आणि एका दमात पाच इंग्रजी आजार सांगून टाकले.

"ह्ये कुनाला सांगतुयास? मी आय हाय त्येची, डॉक्टर न्हाय!" स्पीकरवरून आवाज आला. वर्ग खदखदून हसला.

मग दिशाची पाळी. पोरगी हुशार, आवाज मऊ. "काकू, तुमच्या मुलाला अपघात झालाय. तब्येत नाजूक आहे. तुम्ही लवकर या."

पलीकडून रडणं आलं नाही. फोनच बंद झाला आणि सारजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी येनार न्हाय. पोरगं गेलं, असंच ऐकलं मी."

"पण मावशी, मी तसं म्हणालेच नाही!"

"आमच्याकडं कुनीच म्हनत न्हाय. मानूस गेल्यावरबी फोनवर 'बरं न्हाय, या' एवढंच सांगत्यात. वाटंत आनखी काय व्हायला नगं म्हनून."

"मग सांगायचं तरी काय?" दिशा जरा फुरंगटून म्हणाली.

"मावशी, राहू दे आता," डॉक्टर मोनाली म्हणाल्या. पण सारजाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पाच वर्षांत वर्गासमोर त्यांनी हे कधी काढलं नव्हतं.

"माझा शंभूराज. एमआयडीसीतनं रातपाळी करून येताना गाडीवरनं पडला. सकाळी दवाखान्यातनं असाच फोन आला. मी म्हनलं, गेलं पोरगं. चूल इझवली. दत्तोबा भावजी म्हनले, बायकांनी कशाला, आमी आनतो त्येला. तितं पोचल्यावर त्यांनी फोन केला. 'वैनी, जित्ता हाय, बोलतोय, तुमाला इचारतोय, या.' मला वाटलं, धीर द्यायला म्हनत्यात. आमच्यात तसंच म्हनत्यात. तीनदा केला फोन. मी अंगनातच बसून. लेक सासरनं, डाळजवरनं आलेली. आमी दोघी गळ्यात पडून रडतोय, आन् पोरगं तितं दुपारी दीडपस्तोर जित्तं."

त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

"आई निघाली का, आई निघाली का, इचारत हुतं. नर्सनं सांगितलं मला मागनं."

कुणावर रागवायचं, तेही कळेना. सगळेच मायेने वागले होते. त्या मायेनेच एका आईला अंगणात बसवून ठेवलं आणि एक पोर दाराकडे बघत गेलं. इतकं वाईट वाटतं, की ते लिहितानाही हात आखडतो.

"नुसतं जित्ता हाय म्हनून भागत न्हाय," सारजाबाई उठल्या. "त्येच्या तोंडाला फोन लावायचा. आवाज ऐकल्याबिगर आय हलत न्हाय. चल, लाव परत."

त्या खोलीत गेल्या. दिशाने फोन लावला. या वेळी रडणं आलं. ती थांबली. बराच वेळ थांबली.

"सारजाबाई, मी डॉक्टर दिशा. शंभूराज जिवंत आहे. शुद्धीवर आहे. फोन त्याच्याजवळ धरतेय. बोला त्याच्याशी."

आणि तिने खरंच हात लांब करून फोन रिकाम्या बाकावर धरला.

"शंभू?" स्पीकरवरून आवाज आला. "बोल की रं."

चाळीस पोरं खाली मान घालून बसली होती. दिशाने हात मागे घेतला नाही.

"बरं, नगं बोलू. धाप लागंल तुला. मी निघाले, पोरा. ही बघ, रस्त्यालाच लागले. आलेच मी."

फोन कुणीच बंद केला नाही.