तिसऱ्या भोकाचा ठिपका

वालीवच्या त्या गाळ्यात आशालता बारापर्यंत बोलत नसे. सकाळचं मौन हा तिचा नेम, श्रीरंग होता तेव्हापासूनचा. बाराला कोनाड्यातल्या देवापुढे उदबत्ती लावायची, मग तोंड उघडायचं. नवरा जाऊन वर्ष झालं, नेम तेवढा राहिला. लोक म्हणत, बाई धीराची. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

गाळा भावाचा, जितेशचा. इंजिन दुरुस्तीचा. बोल्टचे आटे गेलेली भोकं मात्र आशालताकडे. भोक थोडं मोठं करायचं, टॅप फिरवून नवे आटे पाडायचे, त्यात तारेचं वेटोळं बसवायचं, की बोल्ट पुन्हा घट्ट धरतो. काम झालं की शेजारी टोकदार पंचाने एक ठिपका ठोकायचा. पुढच्या कारागिराला कळावं, इथे आधी हात लागलाय. गाळ्याची रीतच ती.

त्या दिवशी कळंबच्या इग्नेशियसच्या बोटीचं इंजिन आलं. सोबत धाकटा भाऊ डिलन, बोटीवर इंजिन सांभाळणारा.

"आशाबाय, आमच्या घरवालीला पन शिकवा हे व्रत," डिलन म्हणाला. "अर्धा दिस तरी घरात शांती."

जितेशने इंजिनाचं हेड उतरवलं, तर एका बोल्टबरोबर अख्खं वेटोळंच बाहेर आलं.

"हे बघा. आटे वाकडे पाडलेत. बोल्ट एका अंगावर बसला, मग गॅस्केट जळणारच."

"गेल्या पावसात तुमीच केलेलं ना काम?" इग्नेशियसने विचारलं.

"ताईने दोन भोकं केली. हे त्यांचे ठिपके. ह्या तिसऱ्याला ठिपका कुठाय? हे आमचं काम नाही. मधे बाहेरच्याने हात मारलाय."

इग्नेशियस भावाकडे वळला. "कोनाला बोलावलंस बंदरावर?"

"कोनाला नाय, दादा."

"मग तूच केलंस. इंजिन बंद पडून आठ मानसं दिवसभर दर्यात वाहत गेली. एक तारखेला बोट सुटंल, तू किनाऱ्यावर बसून जाळी शिवायची."

डिलन स्वच्छ हात कापडाने पुसत राहिला.

आशालताने वेटोळं उचललं. गेल्या पावसात हे काम केलं, तो श्रीरंग गेल्याचा पंधरावा दिवस होता. जितेश सामान आणायला मुंबईला गेलेला. दोन भोकं झाली, निघता निघता तिसरं सैल लागलं. टॅप सरळ उतरतोय का ते गुण्या लावून बघतात. तिने लावला नव्हता. पंच हातात घेतला होता की नाही, आठवेना. ठिपका नाही, म्हणजे नसणारच.

घड्याळात साडेअकरा. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मौन होतं. ते इतकं सोयीचं कधी वाटलं नव्हतं. सांगितलं तर हातातलं काम जाईल, आणि तिच्या दिवसात त्या भोकांशिवाय होतं काय?

"माझं आहे ते," आशालता म्हणाली.

जितेशने आधी घड्याळ पाहिलं. "ताई, अजून बारा..."

"तू मुंबईला गेलास त्या दिवशी केलं. गुण्या लावला नाही. ठिपकाही राहिला. डिलनभाऊंचा ह्यात काही दोष नाही."

इग्नेशियसने तिच्या हातातलं वेटोळं घेऊन पाहिलं.

"आठ मानसं होती, बाय," इग्नेशियस म्हणाला.

"हो."

तिला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. जितेशने तिच्या टेबलावरचा टॅपचा डबा उचलला. "हे मी करतो. काही दिवस मीच करीन." तिने मान हलवली.

वेटोळ्याने आता भागणार नव्हतं. भोक मोठं करून त्यात लोखंडी नळीचं बुश बसवायचं ठरलं. जितेश टॅप फिरवत होता, आशालता वाकून गुण्या धरून होती. दर दोन फेऱ्यांनी तो थांबे, ती "सरळ आहे" म्हणे.

"दादा, एक तारखेला मी...?" मागे डिलनने हळूच विचारलं.

"मग इंजिन कोन बघंल, तुजी घरवाली?"

बुश बसलं तेव्हा दीड वाजला होता. जितेशने पंच उचलला, तसा डिलन म्हणाला, "ठिपका आशाबायलाच ठोकू द्या. मागल्या वर्षीचा राहिलाय."

जितेशने पंच तिच्यापुढे धरला. आशालताने एकच घाव घातला. ठिपका नीट उमटला का, ते बोटाने चाचपून पाहिलं. मग हात धुऊन ती राहिलेली उदबत्ती लावायला गेली.