खांदशेकणी

“बाई, जयाच्या बाबाच्या हातून काय चुकलं, तेवढं सांगा. मंग मी पाहून घेईन त्यायले.”

गयाबाई साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभी होती. ओच्यात परसातली चार दोडकी होती. चपला तिने फाटकापाशीच काढून ठेवल्या होत्या. समोरची बाई कोण, हेच साहेबांच्या पत्नी वसुंधराबाईंना कळेना.

“कोण जयाचे बाबा?”

“केवलराम खलाशी. तुमच्या साहेबायच्या हाताखाली हायेत. परवापासून कामावर येऊ नका म्हणते त्यायले.”

केवलराम भंडाऱ्याकडचा. भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा लोखंडाच्या तुळया दोरानं वर ओढणाऱ्या टोळीत तो खलाशी म्हणून लागला. दहा-बारा जणांनी दोर खांद्यावर घ्यायचा, एकाने हाळी द्यायची, सगळ्यांनी एकदम ओढायचं. हाळी केवलरामची. कामावर एवढा गळा काढणारा हा माणूस घरी मात्र तोंडाला कुलूप लावून बसे. त्या सोमवारीही “आता दोन दिवस जायचं, मंग नाही,” एवढंच बोलून तो जेवायला बसला आणि नेहमीपेक्षा एक भाकर कमी खाऊन उठला.

 गयाबाईचा बाप मेला त्या दिवशीही सकाळी नांगरावर गेला होता. काम थांबवून घरी बसलेला धडधाकट माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. भिलाईत थांबणं पाहिलं होतं ते एकच, शेजारच्या फकिराचं. चिमणी बांधून झाली आणि ठेकेदाराने त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवशी सायकलला भांडी बांधून फकिरा बायकोसकट गेला, तो कुठे गेला कोणाला ठाऊक नाही.

तिने लेकीला विचारलं. जया हिंदी शाळेतली. “आई, बाबा रिटायर होऊन राहिले. सबके होते हैं.”

“सबके म्हंजे कोनाचे? मले एक दाखव.”

जयाला एकही दाखवता येईना. दाखवणार कुठून? भिलाईत तेव्हा सगळंच नवं होतं. चिमण्या नव्या, रस्ते नवे, क्वार्टरपुढची झाडं गुडघ्याएवढी, आणि माणसं बहुतेक पोरसवदा. केवलरामच्या खात्यातून वयामुळे घरी जाणारा हा पहिलाच.

गयाबाईला खरी धास्ती होती ती गावाची. क्वार्टर सोडून गावी जावं लागणार. तिथे थोरला दीर पंजाबराव पारावर बसून चार माणसांत विचारणार, काहून गा केवल्या, काढलं का तुले? या प्रश्नाला नवऱ्याकडे उत्तर नसेल, तो खाली मान घालून उभा राहील, हे तिला आत्ताच दिसत होतं. म्हणून ती मंगळवारी बंगल्यावर आली होती.

वसुंधराबाई नागपूरच्या, मनाने चांगल्या. त्यांनी तिला पायरीवर बसवलं, चहा दिला. “अहो, काढलं नाही त्यांना. ते निवृत्त होताहेत.”

“म्हंजे?”

“म्हणजे आता विश्रांती.”

“इसरांती मांगतली कोनं, बाई? ते काही बिमार नाहीत.”

“तसं नाही हो. खूप कष्ट केले, आता मोकळे झाले म्हणायचं.”

“मोकळं तर ढोर सोडतात.”

 मग वसुंधराबाईंनी साधं खरं तेच सांगितलं. नियम आहे, अठ्ठावन्न वर्षं झाली की माणूस घरी. आमचे साहेबसुद्धा एक दिवस असेच जातील.

“साहेबायलेबी काढतात?” गयाबाईने तोंडावर हात ठेवला. तिला साहेबांचं मनापासून वाईट वाटलं. दोडकी पायरीवर ठेवून ती उठली.

बुधवारी दुपारी खात्यात निरोप झाला. हार, नारळ, शाल. साहेब हिंदीत बोलले, छानच बोलले, आणि शेवटी हसत म्हणाले, “केवलराम की पत्नी हमारे घर आई थीं. पूछने लगीं, इनसे क्या गलती हुई?” सगळे खो-खो हसले. साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण हार घातलेल्या माणसाला लाज लपवायला जागा नसते. दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा केवलराम उठला, घसा खाकरला आणि तसाच खाली बसला. टोळीतल्या एकाने हाळी द्यायचा आग्रह केला. त्याने नुसती नाही म्हणून मान हलवली.

घरी आला तेव्हा गयाबाई चुलीपुढे होती. दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचा खांदा शेकतात, वर्षभर जू वाहिलेल्या जागी लोणी-हळद चोळतात आणि सणाच्या जेवणाचं आवतण देतात. भिलाईत बैल कुठले? पण गयाबाई दरवर्षी कुंभाराकडून मातीची जोडी आणी, खांदशेकणी चुकवत नसे. वाटीत लोणी-हळद कोमट होत होती. शेजारी पळसाची पानं होती.

“तू बंगल्यावर गेलती?” केवलरामने हार खुंटीला अडकवत विचारलं.

“गेलती.”

“मले इचारायचं होतं.”

“तुमी सांगून राहिले होते का?”

तो खाटेवर बसला. शालीची घडी गुडघ्यावर सारखी करत राहिला.

“मलेच कुठं समजलं होतं,” तो म्हणाला. “मलेबी वाटलं, आपलंच काही चुकलं असन. दोन रात्री तेच आठवून राहिलो.”

गयाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. आपण ज्याला पाठीशी घालायला निघालो होतो, तोही आपल्यासारखाच घाबरलेला होता, हे तिला आता कळलं.  बंगल्यावर ऐकलेला एकही शब्द घरी आणण्यासारखा नव्हता.

तिने मातीच्या जोडीला हळद-लोणी लावलं, आवतण दिलं. मग वाटी घेऊन ती खाटेपाशी आली.

“सदरा काढा.”

“काहून?”

“काढा म्हनलं ना.”

उजव्या खांद्यावर दोराने पडलेला घट्टा होता, काळा, राठ, बोट रुतणार नाही असा. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. पळसाच्या पानाने तिने कोमट लोणी-हळद त्यावर लावली आणि तळव्याने चोळू लागली. केवलराम आधी ओशाळला. दारातून जया बघत होती.  मग त्याने मान खाली घातली.

“आज आवतन घ्या,” गयाबाई म्हणाली.  “उद्या जेवाले या.”

तेवढ्यात कारखान्याचा पाचचा भोंगा झाला. कामाच्या दिवशी केवलराम तो पहिल्यांदाच घरातून ऐकत होता. तिच्या तळव्याखाली खांदा एकदम ताठ झाला. मग भोंगा थांबला, रस्त्यावर घरी परतणाऱ्या सायकलींच्या घंट्या वाजू लागल्या, आणि खांदा हळूहळू सैल पडला. ती चोळत राहिली.